एकाहत्तर फूट पाणी

सोमवार, ४ मार्च

राजमान्य राजश्री जावईबापू यांसी,

तक्रारपूर्वक नमस्कार.

तक्रार एकच आहे, पण गंभीर आहे. गेल्या रविवारी आपण आमच्या घरून, ताट अर्धं टाकून, तरातरा निघून गेलात, तेव्हा आपल्या उजव्या पायात आपली आणि डाव्या पायात माझी चप्पल होती. क्रोधाने माणसाचं भान हरपतं हे आम्हांस मान्य आहे. परंतु नऊ नंबरचा पाय सात नंबरच्या चपलेत कोंबून माणूस तीन जिने उतरतो, अख्खा पूल ओलांडतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला काही म्हणजे काही टोचत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते कळवावे. तूर्त माझ्याकडे एक उजवी सात नंबर आणि एक डावी नऊ नंबर आहे. असल्या विषम जोडावर मी कचेरीत जातो. शिपाई माझ्या पायांकडे बघून आधी हसतो, मग नमस्कार करतो.

धाकटीला (म्हणजे माझी बहीण, तुमची बायको, हल्ली सगळं स्पष्ट लिहिलेलं बरं) सांगा की तिच्या नवऱ्यामागे धावताना ती डबा इथेच विसरली. डबा तिचा असल्यामुळे तो मी जप्त केला आहे.

भांडण कशावरून झालं ते तुम्हाला आठवतं, मलाही आठवतं. तरी माझी बाजू नोंदवून ठेवतो. तुम्ही म्हणालात, "दादा, एका देशात दोन सरकारं राहत नाहीत, लढतात. पूल उघडा आहे तोवर आईला माझ्याकडे नेतो." मी म्हणालो, "दोन सवती नांदतात एका घरात, मग दोन सरकारांना काय धाड भरलीय? आणि बंद व्हायला पूल म्हणजे काय किराण्याचं दुकान आहे?" यावर हसायचं होतं. तुमच्या मातोश्री हसल्याही. तुम्ही उठलात.

मातोश्रींचं म्हणणं तुमच्यासमोरच झालं. चाळीस वर्षं त्या या काठावर, माझ्या मागच्या गल्लीत राहिल्या; तुमचे वडील जन्मले पलीकडे, पण गेले इथल्याच खाटेवर. "मी काय मांजर आहे का, पोत्यात घालून नदीपार सोडायला?" हे त्यांचं वाक्य मी तर पाठच करून ठेवलंय.

असो. आपला अबोला पाळणंही अवघड आहे म्हणा. रोज अकरा वाजता तुमच्या पंपघरातून आमच्या पंपघरात फोन येतोच. तुम्ही तुमच्या टाकीची पातळी सांगता, मी ती परत म्हणून वहीत लिहितो. मग मी माझी सांगतो, तुम्ही परत म्हणता. बावीस वर्षं या बेरीज-वजाबाकीनंतर आपण पाच मिनिटं गप्पा मारत आलो. काल तुम्ही "एकतीस फूट" म्हणालात, मी "एकतीस फूट" म्हणालो, आणि फोन खाली ठेवला गेला. एवढ्या रागाने कुणी "एकतीस" म्हणू शकेल असं मला वाटलं नव्हतं.

चप्पल पाठवा.

आपला एकपादुक,
दादा


मंगळवार, १९ मार्च

जावईबापू,

चपलेचं उत्तर नाही. अस्तु.

तुमच्या सरकारने घड्याळ अर्धा तास पुढे केलं असं आज फोनवरच कळलं. मी अकराला रिसीव्हर उचलला तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा झालेले, आणि तुम्ही अर्धा तास वाट बघून चिडलेले. एका नदीला दोन काठ असतात हे ठाऊक होतं. दोन वेळा असतात हे नवीन ज्ञान. पुलावरच्या टपालवाल्याने आता दोन घड्याळं बांधली आहेत, एकेका मनगटावर. "कुठलं बरोबर?" विचारलं तर म्हणतो, "ज्या टोकाला उभा असेन ते."

पुलाच्या दोन्ही तोंडांशी टेबलं मांडली आहेत. नुसती नोंद करतात, अडवत कुणालाच नाहीत. नोंदीला घाबरणारा मी नव्हे. माझा जन्म नोंदीत गेला.

इकडे कॅन्टीनमध्ये मात्र गेल्या आठवड्यात कपबश्या फुटल्या. एकाने इथल्या सरकारची बातमीपत्रं लावली, दुसऱ्याने रेडिओच्या बटणावर हात ठेवला, तिसऱ्याने त्या हातावर किटली ठेवली. किटली तापलेली होती. ज्याचा हात भाजला तो आपला फिटरमामा. पंचावन्न वर्षांचा, सगळ्यांच्या नळाच्या चाव्या दुरुस्त करून देणारा, वडील पलीकडचे एवढाच त्याचा दोष. हाताला फडकं बांधून मलाच म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमच्याकडे यावर काही मंत्र असला तर म्हणा."

मंत्र नव्हता, पण वेळापत्रक होतं. मी साहेबांना सुचवलं की चहाच्या दोन पाळ्या करा. ज्यांचे वडील या काठचे ते चारला, ज्यांचे पलीकडचे ते साडेचारला. समोरासमोर आले नाहीत तर भांडणार कसे? साहेब म्हणाले, "उत्तम. मला नावं द्या."

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. नुसती नावं म्हणजे काय यादी झाली? मी कोऱ्या कागदावर रकाने पाडले. नाव, हुद्दा, वडिलांचा काठ, कायमचा पत्ता, घरात माणसं किती, त्यांची वयं. त्रेचाळीस माणसं, तीन प्रती, एकही खाडाखोड नाही. तुम्ही पलीकडे नेमणुकीवर असलात तरी पगारपत्रक आमचंच, म्हणून तुम्हालाही सामावून घेतलं. कॅन्टीन शांत आहे. फिटरमामा साडेचारचा चहा पिऊन आला आणि म्हणाला, "दुसऱ्या पाळीचा चहा जरा पांचट असतो, पण अंगावर सांडत नाही."

धाकटीची कंबर कशी आहे? फोनवर "कंबर" एवढा एक शब्द म्हणालात तरी मला पुरेल.

दादा


शनिवार, ६ एप्रिल

जावईबापू,

तुम्ही परवा पातळी सांगितल्यावर "बरी आहे" म्हणालात. मी ते कंबरेला लावून घेतलं. तेवढ्यात लाइनवर तिसऱ्याच कुणाचा तरी घसा खाकरला. यापुढे फुटांखेरीज काही बोलू नका.

आपला जुना मीटरवाला आठवतो? घरोघर जाऊन पाण्याचे आकडे टिपायचा, आणि कुणाच्या घरी पाहुणे आलेत हे आकड्यावरून ओळखून दाखवायचा? तो आता छातीवर बिल्ला लावतो. संरक्षण समितीत आहे. बुधवारी कचेरीत आला, माझ्या टेबलाशी बसला, पाणी मागितलं, प्यायला. म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुम्ही म्हणे एक सुरेख यादी केलीय."

सुरेख म्हणाला हो. मी ड्रॉवर उघडून दिली. तिसरी प्रत तशीही पडून होती.

त्याने बोटाने रकाने मोजले. "पत्तेसुद्धा! वयंसुद्धा! बाकी खात्यांत नुसती नावं मिळतात, डोक्याला ताप." मग घडी घालून खिशात ठेवली आणि आभार मानले.

संध्याकाळी घरी येताना मला उगाचच वाटलं की मी काहीतरी कचेरीत विसरून आलोय. पिशवी तपासली. छत्री, चष्मा, किल्ल्या, सगळं होतं.

आता टपाल बंद झालंय. हे पत्र आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई नेतील. इस्पितळाची गाडी दर गुरुवारी पलीकडे जाते. तिला दोन्हीकडचे लोक अजून सोडतात. नर्सबाई म्हणाल्या, "पत्र पातळ लिहा, मला बुटात घालावं लागतं." म्हणून आज आटोपतो.

दादा


मंगळवार, २३ एप्रिल

जावईबापू,

तुमच्या दोन ओळी पोचल्या. "आईला पाठवा. चप्पल ठेवून घ्या." अठरा वर्षांच्या नात्यात तुम्ही मला लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि त्यात एकही विशेषण नाही. शाबास.

सांगायचं ते क्रमाने सांगतो, नाहीतर सांगवणार नाही.

गेल्या सोमवारी फिटरमामा कामावर आला नाही. कामावर आल्यावर प्रत्येकाने आपल्या अवजारपेटीची किल्ली फळीवरच्या खिळ्यावरून न्यायची आणि जाताना परत अडकवायची, हा आपला रिवाज. त्याची किल्ली खिळ्यालाच होती. मंगळवारीही होती. बुधवारपर्यंत अशा अकरा किल्ल्या खिळ्यांवर राहिल्या. मी साहेबांना म्हणालो, "एकदम अकरा आजारी?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही हजेरी भरा."

मी भरली. अकरा जण गैरहजर. कॅन्टीनवाल्याने न विचारता साडेचारचा चहा बंद केला.

त्या दिवशी मी घरी न जाता मागच्या गल्लीत गेलो आणि मातोश्रींना म्हणालो, चला. त्या डाळ निवडत होत्या. "कुठं?" "माझ्याकडे." "का?" आता यावर काय सांगायचं? तुमचं नाव, हुद्दा, वडिलांचा काठ, आणि त्यापुढे कायमचा पत्ता म्हणून ही गल्ली, हे दार, आणि घरात माणसं एक, वय एकाहत्तर, हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि तो कागद माझ्याकडे नाही? मी म्हणालो, "माझा स्वयंपाकी पळाला."

"तुझा स्वयंपाकी कधी होता रे?"

"म्हणूनच तर हाल चाललेत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग निवडलेली डाळ आणि न निवडलेली डाळ दोन वेगळ्या डब्यांत भरली, दाराला कुलूप घातलं आणि आल्या. नवऱ्याच्या फोटोखेरीज काही घेतलं नाही. जिना चढताना म्हणाल्या, "माझ्या मुलाला तू हसलास ना त्या दिवशी? मीही हसले होते. आपण दोघं एकाच माळेचे मणी."

तुमचं खरं होतं, जावईबापू. आम्ही हसलो. हे मी आजवर लिहायचं टाळत होतो, चपलेच्या आडून.

गुरुवारच्या गाडीने त्यांना पाठवायचं म्हटलं तर, "मी धडधाकट बाई, आजाऱ्याच्या गाडीत निजून जायची नाही. अपशकुन." नर्सबाई समजावताहेत. मीही समजावतोय. स्वयंपाक मात्र उत्तम चाललाय.

दादा


शुक्रवार, १० मे

जावईबापू,

काल दुपारी मागची गल्ली जाळली. पलीकडून आधी तोफेचे दोन गोळे आले, ते नदीत पडले. त्याचा सूड म्हणून ती गल्ली. मी कचेरीच्या गच्चीवरून धूर पाहिला. साहेबांनी पाण्याचा बंब पाठवायला व्हॉल्व्हमनला सांगितलं, मग फोन आला, मग नको म्हणून सांगितलं. मातोश्री माझ्या स्वयंपाकघरात होत्या. खिडकी लावून घेतली एवढंच केलं त्यांनी. "फळीवर चांगली डाळ राहिली," म्हणाल्या.

आज अकराला तुमचा फोन आला. बावीस वर्षांत तुमचा आवाज मी असा ऐकलेला नाही. "एकोणतीस फूट," म्हणालात, आणि ठेवला नाहीत. घसा खाकरणारा लाइनवर होताच. गल्लीची बातमी तुमच्यापर्यंत आलीय हे मला कळलं. आई जिवंत आहे की नाही ते विचारताही येत नाही, आणि फोनही ठेववत नाही.

माझ्या टाकीत तेहतीस फूट पाणी होतं. मी म्हणालो, "एकाहत्तर फूट."

तुम्ही हळूच, "एकाहत्तर?"

"एकाहत्तर. पातळी स्थिर आहे."

"एकाहत्तर फूट," तुम्ही म्हणालात. पुढे तुम्ही रडलात की लाइन खरखरली ते मी ठरवणार नाही.

आता माझा मूर्खपणा ऐका. फोन ठेवला, वही ओढली, आणि लिहिलं: ७१. लाइनवर जे बोललं तेच वहीत लिहायचं, हा नियम. हात आपोआप चालला. शाई वाळेपर्यंत मी त्या आकड्याकडे कौतुकाने बघत होतो. मग लक्षात आलं की आपली टाकीच चाळीस फुटांची आहे. खोडता येत नाही. खाडाखोड केली तर साहेबांची सही लागते. पान फाडावं तर पानांना क्रमांक आहेत, आणि ते क्रमांक मीच घातलेत.

जगात लोक काय काय लपवतात. माझ्याच्याने एक आकडा लपवला गेला नाही.

दादा


मंगळवार, २१ मे

जावईबापू,

हे दुपारी लिहितोय. नर्सबाई संध्याकाळी कामावर जाताना नेतील; गुरुवारी गाडीबरोबर तुम्हाला मिळेल. देव करो आणि त्याच गाडीत मातोश्रीही असोत. त्या तयार झाल्या आहेत. "निजून नाही, बसून जाईन," एवढ्या अटीवर. त्यांच्या पिशवीत तुमची डावी चप्पल ठेवली आहे. धाकटीचा डबाही आहे. त्यात काय आहे ते विचारू नका, त्यांनी मला बघू दिलं नाही.

तुम्ही गेले चार दिवस फोनवर नाही. कुणीतरी तरणा आवाज पातळी सांगतो. तुमची बदली झाली असेल असं धरून चालतो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या दोन्ही पंपघरांचे नियम एकच, छापील वह्या एकच. तिकडेही माझ्यासारखा कुणी नेटका कारकून असणार. त्याने धाकटीच्या नावापुढे वडिलांचा काठ लिहिला असेल का? असेल तर तिला आजच दुसरीकडे हलवा. हसू नका. मी हसलो होतो.

सकाळी मीटरवाला आला होता. कचेरीत नाही, घरी. खाली जिन्याशी मीटर आहे तो वाचत बसला होता, जुन्या सवयीने जमिनीवर मांडी घालून. मला बघून उठला. "शास्त्रीबुवा, एकट्या माणसाला महिन्याला पाणी किती लागतं हो?"

मी म्हणालो, "आंघोळी वाढल्यात, उन्हाळा आहे."

"हां," तो म्हणाला. "उन्हाळा आहे." मग खिशातून माझी यादी काढली. घड्या पडून मळली होती, काही नावांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आणि दुसऱ्या खिशातून त्याने माझ्या पातळीच्या वहीतल्या एका पानाची नक्कल काढली. दोन्ही कागद जिन्याच्या पायरीवर शेजारी शेजारी पसरले. एक बोट ७१ वर, दुसरं बोट ७१ वर.

"चाळीस फुटांच्या टाकीत?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नाही. "बोलताना चुकलात म्हणावं तर तुम्ही चुकत नाही. मी बारा वर्षं तुम्हाला आकडे आणून दिलेत, मला माहिती आहे."

मी म्हणालो, "वय झालं."

"कुणाचं?"

मी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा तो हसला, कागद गोळा केले आणि म्हणाला, "उद्या दहाला येतो. दोघं बरोबर असतील. घाबरू नका, तुमच्याबद्दल काही नाही. एक प्रश्न विचारायचाय फक्त."

आज दुपारीच मातोश्रींना खाली नर्सबाईंच्या खोलीत नेलं. नर्सबाईंनी त्यांना कपाटामागच्या खाटेवर बसवून पांघरूण दिलं, उशाशी औषधाच्या बाटल्या मांडल्या. मातोश्री म्हणाल्या, "परवापर्यंत आजारी पडते, पण त्यापुढे एक दिवस नाही." दारासमोरच्या त्यांच्या चपला मीच खाली नेऊन दिल्या. बाहेर आता माझी एक उजवी तेवढी आहे. माझ्या घरात त्यांचं काहीही राहिलेलं नाही; भांडी घासली, डाळीचा डबा फडताळात मागे सारला. शोधलं तर सापडणार नाही.

तुम्हाला वाटेल, मग दादाला चिंता कसली? उद्याचा बुधवार तेवढा निभावला की गुरुवारी गाडी.

जावईबापू, गेल्या बारा रात्री मी ती यादी आठवतोय. मला कुणी मारलं नव्हतं. दमही भरला नव्हता. दम भरला असता तर मी कदाचित ताठ झालो असतो. माझ्यातही तेवढी ऐट आहे असं मला वाटतं. त्याने पाणी मागितलं, यादी सुरेख आहे म्हणाला, आणि मी ड्रॉवर उघडला. साहेबांनी तर नुसती नावं मागितली होती. बाकीचे रकाने माझ्या हौसेचे. फिटरमामाची किल्ली अजून खिळ्यावर आहे. मी रोज तिच्याखालून जातो.

माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं की मी नीट, पूर्ण आणि बरोबर उत्तर देतो. आयुष्यात दुसरं काही मी केलेलंच नाही. मघापासून आरशासमोर उभा राहून म्हणतोय: "त्या कुठे आहेत मला ठाऊक नाही." सहा शब्द आहेत. वीसेक वेळा म्हणून झालं. प्रत्येक वेळी माझे डोळे आपोआप खाली जिन्याकडे जातात.

मला मीटरवाल्याची भीती नाही. त्याच्याबरोबर येणाऱ्या दोघांचीही नाही. उद्या दहाला तो पुन्हा मला नुसतं विचारेल, आणि मी उत्तर देईन, याची आहे.

दादा